मिठागरातला अंतरा

पेन्शन घेतल्यापासून मामंजींनी घरातलं एकच काम आपण होऊन मागून घेतलं होतं. दुपारी अंगणात वाळत घातलेले बोंबील मांजरापासून राखायचे. ठाण्याच्या कचेरीत तीस वर्षं दफ्तर राखलेल्या माणसाला हे काही जड नव्हतं. मागच्या पडवीत घोंगडी टाकायची, हातात वेताची काठी घ्यायची आणि डोळे मिटून गुणगुणत बसायचं. गुणगुणणं चालू असेतो आमची मनी कुंपणाजवळ शहाण्यासारखी बसून राही. ते थांबलं की उठे.

यंदा फाल्गुनात ते मधेच थांबू लागलं. चिजेची स्थायी होई, पुढचे दोन सूर लागत, आणि मग गप्प. आठवड्याभरात मनीने अकरा बोंबील नेले. मामंजींना अंतरा आठवत नाही हे घरात सर्वांत आधी मांजराला कळलं ते असं.

त्यानंतर मला कळलं, कारण माझ्या पमूचा पाळणा पडवीला लागून असलेल्या खोलीतच टांगलेला.

मामंजी तरुणपणी घरात भांडून ग्वाल्हेरला गेले होते. तिथे एका खाँसाहेबांच्या घरी नऊ वर्षं राहिले, पाणी भरलं, चिलीम भरली आणि गाणं घेऊन परत आले. नोकरी कचेरीत केली, पण आयुष्यभर चिजा रचल्या. चाळीस तरी असतील. स्थायी म्हणजे चिजेचा उंबरठा आणि अंतरा म्हणजे आतलं घर, असं ते म्हणत. खाँसाहेबांची शिस्त अशी की शिष्याची स्थायी पिकल्याशिवाय त्याला अंतरा द्यायचा नाही, आणि अंतरा कागदावर तर कधीच ठेवायचा नाही. मामंजींनी ती शिस्त खाँसाहेबांपेक्षाही कडक पाळली.

खाँसाहेबांनी निरोप देताना आणखी एक सांगितलं होतं. रचणारे लोक अंतऱ्यात आपलं टोपणनाव गुंफतात, त्याला छाप म्हणतात. ते म्हणाले, "त्र्यंबक, ज्या दिवशी नावावाचून चीज पुरी होणार नाही, त्या दिवशी नाव घाल. उगीच नको." तो दिवस काही आला नाही. चाळीस चिजा, आणि एकीतही नाव नाही.

सासूबाईंना हे कधीच पटलं नव्हतं. "मी लोणच्याच्या बरणीला चिठ्ठी लावते," त्या म्हणत. "आणि यांनी जन्मभर रचलं ते निनावी!"

"बरणीतलं लोणचं चाखून तुझं आहे हे कळत नाही का?" मामंजी विचारत.

"कळतं. पण चाखणारा उरला पाहिजे ना!"

या चाळिसांत एक गौडसारंगातली, भर दुपारची चीज होती. ती मामंजींची सर्वांत लाडकी. इतकी लाडकी की बत्तीस वर्षांत त्यांनी ती कुणासमोर पुरी म्हटली नव्हती. महिपतराव नावाचे त्यांचे एकुलते एक शिष्य कल्याणहून दर रविवारी येत. शाळेत पंतोजी, अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट आणि स्वभावाने सशासारखे. त्यांना मामंजींनी दोन वर्षं या चिजेच्या स्थायीवरच बसवून ठेवलं होतं. 'छाँव धरो री सखी, धूप चढ़ी.' एवढीच ओळ. दोन वर्षं त्या सखीच्या डोक्यावर ऊन चढतच होतं.

यंदा रामनवमीला कल्याणच्या राममंदिरात बाराच्या आधी ती चीज महिपतरावांनी म्हणायची, असं ठरलं होतं. मंदिराच्या पंचांना तसा शब्दही गेला होता. पण माघात मामंजींना मोठा ताप आला. अंगातून निघाला, आणि जाताना पुष्कळ काही घेऊन गेला. शेजाऱ्यांची नावं गेली, दोन दात गेले, आणि ही चीज अर्धी गेली.

रामनवमीला पंधरा दिवस उरले असताना महिपतराव आले. मामंजी तंबोरा लावून ताठ बसले. "महिपत, आज अंतरा घे."

महिपतरावांनी डोळेच पुसले. मी आत पाळण्याची दोरी ओढत होते, माझाही हात थांबला.

मामंजींनी तोंड उघडलं. दोन सूर लागले आणि पुढे काही नाही. पुन्हा दोन सूर, पुन्हा काही नाही. तंबोरा आपला बोलतच होता.

"गुरुजी, पुढच्या रविवारी घेऊ," महिपतराव हळूच म्हणाले.

"पुढच्या रविवारी काय टपालाने येणार आहे?" मामंजी हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "अरे, हरवला तो."

सासूबाई कोकमाचं सरबत घेऊन आल्या होत्या. पेले ठेवता ठेवता म्हणाल्या, "जपून जपून पेटीत ठेवलेल्या शालूला कसर लागली म्हणा." आणि लगेच त्यांना वाईट वाटलं असावं, कारण मामंजींच्या पेल्यात त्यांनी चिमूटभर साखर जास्त टाकली.

महिपतराव गेल्यावर मामंजी बराच वेळ अंगणाकडे बघत बसले. मी पमूला त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. ती सव्वा वर्षाची, जावळ काढलेलं, तिने आधी त्यांची शेंडी धरली.

"सूनबाई," ते म्हणाले, "मरायचं मला काही वाटत नाही हो. एकाहत्तरावं चालू आहे, माझ्या बरोबरीचे सगळे पुढे जाऊन जागा धरून बसलेत. पण ही चीज माझ्याआधी गेली, हे बरं नाही केलं तिने. मला वाटत होतं मी गेल्यावर ती राहील. मी तिच्यासाठी एक माणूससुद्धा तयार केला होता."

मी मान खाली घालून उभी राहिले. मला बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. कारण तो अंतरा मला येत होता.

चोरून ऐकला असं नाही म्हणणार. गेल्या वैशाखात पमू चार महिन्यांची होती. पोटदुखीने दुपारभर रडायची. मी पाळणा हलवायची आणि पलीकडे पडवीत मामंजी बोंबील राखत त्या चिजेत असायचे. शब्द ते गिळून टाकत, कुणी उचलू नये म्हणून. तोंडातल्या तोंडात नुसता सूर यायचा. पाळण्याचा झोका आणि तो सूर असे काही जुळले की पमू गप्प व्हायची. मग ते झोपी गेले, घोरू लागले, तरी मी तो सूर चालू ठेवायची. नुसत्या सुराला मूल फसत नाही, त्याला बोल लागतात. म्हणून मी आपले समोर दिसले ते घातले.

नीज गं पमे, ऊन तापलं,
दोरीवर बोंबलाचं तोरण लागलं,
मनी बसली टपून खाली,
आजा जागा, नीज तू बाळी.

आता सांगा, ग्वाल्हेरच्या शिस्तीतला, बत्तीस वर्षं कुणालाही न दिलेला अंतरा, आणि त्यात मी बोंबील वाळत घातले! घरंदाज सुनेने ओव्या म्हणाव्यात, पाळणे म्हणावेत. ख्यालातला अंतरा म्हणू नये. आणि म्हटलाच तर त्यात मांजर तरी नसावं. कोणत्या तोंडाने सांगणार?

माझ्या जागी ठमाबाईने सांगितलं.

ठमाबाई कळव्याची. खाडीपलीकडे तिच्या घरच्यांची मिठागरं. आठवड्यातून एकदा होडीने येऊन ती आम्हाला मीठ आणि सुकी मासळी देई. टोपली उतरली की आधी पमूला उचलायची, मग पाणी मागायची. पाडव्याच्या आदल्या दिवशी ती आली, पमूला मांडीवर आडवी घेतली आणि मोकळ्या गळ्याने सुरू केलं, "नीज गं पमेऽऽ, ऊन तापलंऽऽ..."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

पडवीत काठी आपटली. मामंजी उठून दारात आले होते. "कोण म्हणतंय ते?"

"मी, तात्या," ठमाबाई म्हणाली. "तुमचे पोरीला निजवतंय."

"हे कुठे शिकलीस तू?"

"शिकाचा काय त्यात? वैनी बोलतान, मी आयकलं. आमचे आगरान सगल्या बाया ह्योच गाना बोलतान. मीठ वढताना लय बरा परतं. झोका येतं हाताला."

"सगळ्या?"

"पंधरा-वीस जनी असू. माजे सुनेनी पमेचे जागी तिचे पोराचा नाव घातलंय. तुमाला राग आयला का काय?"

मामंजी उंबरठ्यावरच खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणायला धावले, तर म्हणाले, "पाणी नको. सूनबाई, इकडे ये. बस. आणि म्हण."

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "वासंती, आता बाईमाणूस बिईमाणूस बघायची वेळ नाही. म्हणून टाक. यांचा जीव टांगणीला लागलाय."

मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं. बोंबलासकट म्हटलं. संपल्यावर वळून पाहिलं तर मामंजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पोट हसण्याने हलत होतं.

"मनी बसली टपून खाली! आणि ती 'खाली' कुठे घातलीस? वरच्या षड्जावरून उतरताना! अगदी जिथे उतरायचं तिथे!" मग एकाएकी गंभीर झाले. "पण 'आजा जागा'पाशी तू थांबतेस. पंचमावर. तिथे मी थांबत नव्हतो."

"चुकलं, मामंजी. तिथे पमूचे डोळे मिटतात. मग पाळणा जरा हळू करावा लागतो. म्हणून..."

"पुन्हा म्हण. तेवढंच."

मी म्हटलं. त्यांनी ते स्वतःशी घोळवून पाहिलं. एकदा, दोनदा, मान हलवत. ठमाबाई मीठ मापायचं विसरून बघत राहिली होती.

"बत्तीस वर्षं," ते म्हणाले, "बत्तीस वर्षं मी त्या जागेवरून धावत पुढे जात होतो. तिथे काहीतरी आहे असं वाटायचं, पण पाय थांबत नव्हते. पोरीने थांबवले." त्यांनी पमूचं तळपाऊल मुठीत धरलं. "सूनबाई, मी समजत होतो मी चीज राखतोय. मी कसला राखतो? मी हातात काठी घेऊन बसलो, आणि ती केव्हाच कुंपणावरून उडी मारून कळव्याला गेली. मीठ ओढतेय तिथे!"

"बोंबलांचंही असंच होतं," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी मामंजींनी ठमाबाईकडून तिचं आगरातलं गाणंही ऐकलं. बायका शेवटच्या ओळीला फावडं ओढतात, म्हणून त्यांचा 'जागा' जरा लांब जातो. मामंजी म्हणाले, तेही वाईट नाही.

पण अंतरा अर्धाच मिळाला होता. सूर आले, बोल नाही. मामंजींच्या डोक्यातून ते साफ गेले होते आणि मी ते कधी ऐकलेच नव्हते. रामापुढे बोंबील काही म्हणता येणार नव्हते. मग पाडव्यापासून नवे बोल रचणं सुरू झालं. महिपतरावांनी शाळेतून रजा घेतली. सकाळी दोघं बसत. 'पवन झकोरे' घालून पाहिलं, 'कदम की छैयाँ' घालून पाहिली. बोल चांगले असत, पण त्या पंचमावर येऊन अवघडल्यासारखे उभे राहत. पाहुण्याला पाट न मिळाल्यासारखे.

"तुम्हाला राग नाही ना आला?" मी एकदा मामंजींना विचारलं. "मी तुमच्या चिजेचं असं केलं म्हणून."

"राग कसला? अगं, ती माझी तरी कुठे होती? कचेरीतून जेवायला घरी येत होतो. वैशाखातलं ऊन. तळ्याच्या पाळीवर वडाखाली एक बाई डोक्यावरचा भारा उतरवून उभी होती, आणि तिने 'हुश्श' केलं. त्या हुश्शमध्ये तो गौडसारंग होता. मी फक्त घरी घेऊन आलो. कुणाकडून आलेलं, कुणाकडे जाणार. मधे थोडे दिवस आपल्या अंगणात." मग डोळे मिचकावून म्हणाले, "मी गेल्यावर तंबोरा महिपतला द्या. तो ऐनवेळी न्यायला आला नाही तर निदान तंबोऱ्यावर फणस ठेवू नका."

अखेर 'पवन झकोरे'वरच ठरलं. नवमीला सकाळी आम्ही आगगाडीने कल्याणला निघालो. मुंब्र्याच्या बोगद्यात अंधार झाला तसा मामंजींनी मोठ्याने षड्ज लावला. डब्यात कुणाची तरी कोंबडी फडफडली आणि सासूबाई म्हणाल्या, "लोकांना वाटेल भूत आहे." "सुरात आहे ना?" मामंजींचा आवाज अंधारातून आला.

मंदिरात चाफ्याच्या माळांनी मढवलेला रामाचा पाळणा गाभाऱ्यापुढे टांगला होता. त्याच्या एका अंगाला आम्ही बायका. पलीकडे सभामंडपात महिपतराव, मागे तंबोरा घेऊन मामंजी. ठरलं होतं ते असं. स्थायी महिपतरावांची, आणि अंतरा पहिल्यांदा लोकांसमोर येणार म्हणून तो मामंजींनी स्वतः म्हणायचा. बाराला राम जन्मला की बायकांनी पाळणा म्हणायचा, हा तर रिवाजच.

महिपतरावांची स्थायी ऐकताना मला कळलं की मामंजी दोन वर्षं का थांबले होते. 'धूप चढ़ी' म्हटलं की दगडी फरशी पायाला भाजल्यासारखी वाटे. बारा वाजायला थोडाच अवकाश होता. पुजारीबुवा पाळण्याची रेशमी दोरी हातात धरून उभे होते. महिपतराव थांबले आणि त्यांनी गुरूंकडे पाहिलं.

मामंजींनी तोंड उघडलं. दोन सूर लागले.

आणि गप्प.

मला समोरून त्यांचा चेहरा दिसत होता. तोच पडवीतला चेहरा. 'पवन झकोरे' कुठल्या कुठे गेलं होतं. मंडपात कुणीतरी खाकरलं. महिपतरावांना घाम फुटला. त्यांना बोल येत होते, पण गुरूच्या तोंडातून घास काढून घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. तेवढ्यात घंटा वाजली. बारा झाले. गुलाल उडाला, पुजारीबुवांनी दोरी ओढली, पाळणा हलला. माझ्या कडेवरची पमू घंटेला घाबरून रडायला लागली.

आता पाळणा म्हणायची वेळ होती, आणि पाळणा म्हणायला मला कुणाची परवानगी नको होती.

मी त्या दोन सुरांच्या पुढचा तिसरा उचलला. "नीज रे रामा, ऊन तापलंऽऽ..."

पहिली ओळ गेली आणि दुसरी समोर दिसली. दोरीवर बोंबलाचं! रामापुढे! पाळण्याचा झोका परत येत होता, थांबता येत नव्हतं. वर पाहिलं, तर मंडपाच्या कमानीला आंब्याचे डहाळे बांधलेले. "दारावर आंब्याचं तोरण लागलंऽऽ..." सुटले! पण त्या सुटकेच्या आनंदात तिसऱ्या ओळीचं भानच राहिलं नाही. "मनी बसली टपून खालीऽऽ..."

बायकांमध्ये खसखस पिकली. आणि तेवढ्यात पलीकडून तंबोऱ्यासह मामंजींचा आवाज आला. दोन दात पडलेला, कापरा, पण नेमका. "आजा जागाऽऽ..." ते पंचमावर थांबले. जितकं मी थांबते तितकं. पाळणा हळू झाला. पमूचं रडणं थांबलं. मग आम्ही दोघांनी मिळून, "नीज तू बाळी."

दुसऱ्या खेपेला बायकांनी ओळ उचलली आणि तिसऱ्या खेपेला महिपतरावांनी. दोन वर्षं दाराबाहेर उभा राहिलेला माणूस घरात शिरला तेव्हा मंदिराची छपरं हलली म्हणा ना! 'बाळी'चं 'बाळा' करायचं आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सुंठवडा वाटताना सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "अयोध्येत मांजर कुठलं गं?"

"बोंबील असतील तिथे मांजर," मामंजी मागून म्हणाले.

महिपतराव हातावरचा सुंठवडा तसाच धरून उभे होते. "गुरुजी, शब्द हेच ठेवायचे?"

"हेच. बाकीचे सगळे पाहुणे होते, हे घरचे आहेत. घरी म्हणताना बोंबील, देवळात तोरण. विसरू नकोस, उलटं करशील."

"आणि छाप? याही चिजेला नाव नाही."

"नाही कसं?" मामंजी पमूच्या नाकावरचा गुलाल पुसत होते. "शेवटच्या ओळीत आहे की, आजा. तेवढं काढून बघ, चीज पुरी होते का. खाँसाहेब म्हणाले होते तसा आला बुवा दिवस. आणि नाव तरी कसं, कुठल्याही घरातल्या म्हाताऱ्याला चालेल असं."

 घरी येऊन सासूबाईंनी लोणच्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या असंही नाही. पण त्या रात्री मामंजींच्या पानात साखरभात दोनदा वाढला गेला.

आता वैशाख आहे. अंगणात पुन्हा दोरी बांधली आहे. काल दुपारी मी पाळणा हलवत होते. पमू टक्क जागी, खिडकीच्या गजांतून बाहेर बघत होती. तिच्या नजरेबरोबर मीही पाहिलं, तर पडवीत मामंजी भिंतीला टेकून गाढ झोपले होते. काठी मांडीवर, तोंड थोडं उघडं, श्वास संथ. मनी कुंपणावरून उतरली, माझ्याकडे एकदा बघून घेतलं, आणि दोरीच्या टोकाचा बोंबील ओढला.

पमूने टाळी वाजवली. मी तिला 'शू' केलं आणि मनीला तो नेऊ दिला.

मग आवाज जरासा खाली आणून मी म्हणायला लागले. नीज हो आजा, ऊन तापलं. शेवटच्या ओळीला पंचमावर थांबले आणि 'पमी जागी' म्हटलं. ठीक बसलं.